कापसाच्या खोलीतला जावई

सासऱ्यांनी मला आजवर एकही शिवी दिलेली नाही, ही माझ्या बायकोची आमच्या संसारातली सगळ्यात जुनी तक्रार होती.

तिचं माहेर अकोल्याचं, मोर्णेपलीकडच्या जुन्या शहरातलं. त्या गल्लीत सासऱ्यांच्या शिव्या न खाल्लेला जीव शोधून सापडणार नाही. दूधवाला, गॅसवाला, शेजाऱ्यांची बकरी, न चालणारा कूलर, आणि रोज सकाळी न चुकता स्वतःचा मुलगा. शेतातून शेतात हाका मारून कमावलेला आवाज आहे, तो गल्लीत मावत नाही. मला मात्र ‘जावईबापू’ आणि ‘तुमी’. ‘पानी घेता का जावईबापू?’ ‘बसा जावईबापू, पंख्याखाली बसा.’

यामागे कारण होतं. आमचं लग्न जातीबाहेरचं. आमच्या घरी भिंतीवर बुद्धाचा फोटो, तिच्या घरी देव्हारा आणि दहा एकर काळी जमीन. लग्नानंतर चार वर्षं सासरे आमच्याशी बोलले नाहीत. मग सासूबाई आजारी पडल्या, आम्ही दवाखान्यात गेलो, तिथल्या बाकड्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘चहा घ्या जावईबापू.’ त्या दिवशी अबोला संपला आणि मान सुरू झाला. दोन्हींत बोलणं साधारण सारखंच होतं.

‘बाबा ज्याले आपलं समजते त्यालेच शिव्या देते,’ बायको म्हणायची. ‘तुमाले कावून नाही देत?’

हे मला लागायचं. मलाही ते हवंच होतं. पण शिवी काही मागून घेता येत नाही.

आता दुसरी गोष्ट सांगतो, ती माझ्या गिटारची. मी अमरावतीला पाटबंधारे खात्यात कारकून आहे. दिवसभर ज्या कालव्यांत पाणी नाही त्यांच्या फायली सांभाळतो आणि घरी येऊन मेटल वाजवतो. मेटल म्हणजे गिटारचा इतका जड आणि फाटका आवाज, की ऐकणाऱ्याला वाटावं गिरणीत काहीतरी अडकलं. माझा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, एका सभा-मंडपवाल्याने मोडीत काढलेला होता. तो मुळातच फाटलेला असल्यामुळे वेगळा खर्च करून आवाज फाडावा लागला नाही. आमच्या घरमालकांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा हात जोडले. मी न्हाणीघरात वाजवून पाहिलं, कपाटात तोंड घालून पाहिलं. शेवटी रेकॉर्डिंगचा नाद सोडला होता.

संक्रांतीला अकोल्याला गेलो, तेव्हा अ‍ॅम्प साळ्याला दाखवायला सोबत नेला होता. साळा मला मधल्या खोलीत घेऊन गेला. हा बायकोचा धाकटा भाऊ, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि पोरवयापासून हाताला लागेल ते बडवतो. मधल्या खोलीत त्या वर्षीचा सगळा कापूस भरला होता. आमच्याकडे कापूस वेचून झाला की बरेच लोक लगेच विकत नाहीत, चांगल्या भावाची वाट बघत घरातच भरून ठेवतात. माणसं ओसरीत झोपतात आणि कापूस खोलीत झोपतो. इथे तो तिन्ही भिंतींना लागून आढ्यापर्यंत रचला होता, मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा.

साळ्याने टाळी वाजवली. ती टाळी तिथेच मेली.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. शहरातले लोक आवाज कोंडण्यासाठी भिंतींना काय काय चिकटवतात, आणि इथे सासऱ्यांनी वीस क्विंटल कापूस लावून ठेवला होता.

साळ्याला विचारायची हिंमत नव्हती. त्याने नुसतं ‘बाबा, ते कापसाची खोली...’ एवढं म्हटलं असतं तरी वाक्य पुरं व्हायच्या आत चप्पल आली असती. म्हणून मला पुढे केलं. मी म्हणालो, ‘बाबा, कापसाच्या खोलीत थोडं वाजवलं तर चालेल का?’

सासऱ्यांनी आधी कापसाकडे बघितलं, मग माझ्या अ‍ॅम्पच्या उघड्या वायरींकडे, मग पुन्हा कापसाकडे. 

‘वाजवा ना जावईबापू,’ ते म्हणाले. ‘घर तुमचंच आहे.’

झालं. पाच गाणी करायचं ठरलं, आणि ती कापूस विकायच्या आत. कापूस गेला की स्टुडिओ गेला.

त्यानंतर दर रविवारी मी सकाळच्या एसटीने अकोल्याला जायचो. गिटारला पेटी नव्हती, म्हणून ती गोधडीत गुंडाळलेली. एका कंडक्टरने ‘पेशंट कोन आहे?’ असं विचारलं. मूर्तिजापूरला चढलेल्या एका म्हाताऱ्याने ‘वाजवता येते तं एखादं भजन होऊ द्या’ म्हणून फारच आग्रह केला, तेव्हा मी अ‍ॅम्पशिवायच थोडंसं वाजवून दाखवलं. ते पुढच्या थांब्यावर उतरले. त्यांना तिथेच उतरायचं होतं की नाही, ते मला माहीत नाही.

घरी पोचलो की आधी मानपान. वऱ्हाडात जावई आला की दुपट्टा-टोपी देतात, पण ती सणासुदीला, लग्नकार्याला. सासरे मला दर रविवारी द्यायचे. मी आलो की ते उठणार, पांढरी टोपी माझ्या डोक्यावर ठेवणार, खांद्यावर दुपट्टा टाकणार. मी टोपी घालून आत जायचो आणि मेटल वाजवायचो. मार्चपर्यंत इतके दुपट्टे साठले की साळ्याने ते ड्रमच्या आत कोंबले. आवाज छान बसका झाला.

ड्रम म्हणजे तरी काय. फवारणीचं पाणी कालवायचा निळा प्लास्टिकचा ड्रम आडवा टाकला, तो पायाने मारायचा. एका बंद पडलेल्या बँड पथकाचा ताशा मिळाला. झांजेच्या जागी सासूबाईंची पितळी परात दोरीने टांगली. रेकॉर्डिंगचा फोन एका रिकाम्या तेलाच्या डब्यात ठेवून तो डबा दाराशेजारच्या झरोक्यात बसवला, कारण इतर कुठेही ठेवला की कापूस सगळा आवाज पिऊन टाकायचा. रेकॉर्डिंग ऐकलं तर वाटायचं, आम्ही दोघं विहिरीत भांडतोय.

‘भाऊजी, याले लो-फाय म्हनते,’ साळा म्हणाला. ‘गरिबीले इंग्रजी नाव देल्लं का तिची इज्जत वाढते.’

अडचणी होत्याच. कापसाच्या खोलीत बसलं की अर्ध्या तासात अंगाला खाज सुटते. पहिलं गाणं संथ ठरवलं होतं, ते खाजेमुळे दुप्पट वेगाने झालं. नाकात बोंडं गेल्यासारखं व्हायचं. कानात आम्ही कापसाचे बोळे घालायचो, तेवढा एक माल तिथे मुबलक होता.

सासूबाईंची तऱ्हा निराळीच. त्यांना कणीक मळायला परात लागायची. त्या दारापर्यंत यायच्या, माझ्याकडे बघून हसायच्या, ‘काही नाही, काही नाही’ म्हणायच्या आणि परत जायच्या. तीन महिने त्या बाईंनी माझ्यासाठीच्या पुरणपोळीची कणीक एका ताटलीत, चार खेपांत मळली. हे मला फार उशिरा कळलं.

आणि सासरे. आम्ही वाजवायला बसलो की ते खोलीच्या बाहेर खुर्ची टाकून बसायचे. सबंध दुपार. जेवून आडवं होणारा माणूस, पण रविवारी टक्क जागा. शेजारी पाण्याने भरलेली बादली. मला गहिवरून यायचं. वाटायचं, बोलत नाहीत, पण ऐकतात. बादली तर जावयासाठीच असणार. मी गाणं संपवून बाहेर यायचो, त्या पाण्याने दोन्ही पाय धुवायचो आणि ‘छान गार आहे पाणी’ म्हणायचो. ते उठायचे, नळावर जाऊन बादली पुन्हा भरून आणून ठेवायचे. मी दुसऱ्या गाण्यानंतर पुन्हा पाय धुवायचो.

मनात एक चोरटी इच्छा होती, ती सांगून टाकतो. कापसाचा भाव चढू नये असं मला वाटायचं. शेतकऱ्याच्या घरी जेवून, त्याचीच टोपी घालून मी ही इच्छा करायचो. भाव नसेल म्हणूनच सासरे विकत नसतील, असं मी धरून चाललो होतो. माझा बाहेरच्या जगाशी संबंध तेवढाच, कानात बोळे असल्यावर आणखी किती असणार.

एप्रिलमध्ये चार गाणी झाली. चौथ्या गाण्यात मधेच सगळं थांबतं. गिटार गप्प, ड्रम गप्प, वीस मोजायचे आणि मग पुन्हा तुटून पडायचं. ते रेकॉर्डिंग मी अमरावतीला घरी, एका दुपारी कानात इयरफोन घालून पहिल्यांदा नीट ऐकलं. त्या वीस मोजण्यांच्या शांततेत सासऱ्यांचा आवाज होता. झरोक्याच्या पलीकडे बसून ते फोनवर कोणाशी तरी बोलत होते. नेहमीचा आवाज नव्हता, दबलेला होता.

‘नाही ना भाऊ, या हप्त्यातही नाही देत. भाव मले मालूम आहे. उतरून राहिला, तेही मालूम आहे. पन जावई बसते तिथं. त्याइले ऊठ म्हनू का मी? अन् ते मशीन चिनग्या सोडते, कापसात. जीव टांगनीले लागते माह्या. बादली भरून बसतो दाराशी, तं तिच्यात ते पाय धुऊन टाकते.’

आणि मग पाचशे मण वजनाने आमचं गाणं त्यांच्यावर पडलं.

मी ते पुन्हा ऐकलं. मग साळ्याला फोन लावला. तो म्हणाला, फेब्रुवारीतच भाव चढला होता, गल्लीतल्या सगळ्यांनी कापूस काढला. आपलाच राहिला. ‘मी म्हनलं बाबाले, मी सांगतो भाऊजीले. तं म्हने, तू बोलला तं टंगडं तोडतो. मले वाटलं तुमाले अंदाज असंल.’

मला कसला अंदाज. मी टोपी घालून पाय धूत होतो.

संध्याकाळी बायकोला ऐकवलं. बादलीपाशी ती इतकी हसली की तिला ठसका लागला.  मग चिडली, माझ्यावर.

‘भाव गेला, जीव मुठीत धरून बसून राहिले बाबा तीन महिने, पन तुमाले एक शब्द बोलले नाही. एवढा परका मानूस असते का कोनी? जा अन् सांगा त्याइले, इका म्हना कापूस.’

मला खूप लाज वाटली. आणि लाजेपेक्षा जास्त वाईट वाटलं. दवाखान्यातल्या बाकड्यापासून आम्ही एक पाऊल पुढे सरकलो नव्हतो. तो माणूस स्वतःचं घर पेटण्याची तयारी ठेवून बसला होता, पण मला ‘ऊठ’ म्हणायला तयार नव्हता.

पुढच्या रविवारी दुपट्टा-टोपी झाल्यावर मी म्हणालो, ‘बाबा, कापूस देऊन टाका आता.’

‘तुमचं होऊ द्या जावईबापू. घाई नाही.’

‘आमचं झालं.’

‘झालं? पाचही?’

‘पाचही.’

पाचवं झालं नव्हतं. नुसतं डोक्यात होतं. पण सासऱ्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला आणखी दहा खोटी गाणी सांगावीशी वाटली. मी चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यांनी गाडीवाल्याला फोन केला होता.

गाडी त्याच्या पुढच्या रविवारी आली. बायकोही माझ्यासोबत आली होती. लग्नसराई चालू होती, त्यामुळे कापूस तुडवायला येणारे दोघं वरातीत गेलेले. कापूस गाडीत नुसता टाकून भागत नाही. वर चढून पायाने दाबत जावं लागतं, नाहीतर निम्मा घरीच राहतो. साळा आतून गाठोडी आणून देणार होता. तुडवायला कोणी नव्हतं. मी पँट दुमडली आणि चढलो.

‘अहो, जावईबापू कुठं चढून राहिले!’ सासूबाई दारातून म्हणाल्या.

‘उतरा जावईबापू,’ सासरे म्हणाले, ‘कपडे खराब होतीन.’

मी उतरलो नाही. तेवढं तरी फेडायचं होतं मला. पहिलं गाठोडं सुटलं आणि मी तुडवायला लागलो. आता यात माझी चूक एवढीच, की डोक्यात पाचवं गाणं होतं. चार महिने रविवार आला की ज्या खोलीत हा कापूस त्याच खोलीत मी पायाने ताल धरला होता, त्यामुळे पाय आपोआप त्या तालावर पडायला लागले. मध्येच दोन जोरात, मग एक हलका, मग उडी. साळ्यानेही ओळखलं आणि गाडीच्या फळीवर हाताने साथ धरली. गाडीच्या मधोमध मोठा खड्डा झाला. मधला सगळा कापूस कडांनी फुगून वर आला आणि दोन्ही बाजूंनी गल्लीत सांडायला लागला. शेजाऱ्यांच्या बकरीने सुरुवात केली. मला यातलं काहीच दिसत नव्हतं, मी डोळे मिटले होते.

‘अबे ए येड्या!’

हा आवाज मी इतकी वर्षं ऐकत आलो होतो, पण कायम दुसऱ्याच्या नावाने.

‘कापूस तुडवून राहिला का वरातीत नाचून राहिला बे? कडानं दाब, कडानं! बकरी खाऊन राहिली खाली, डोये फुटले का तुये? अक्कल काय अमरावतीले ठेवून आला?’

गल्ली थांबली. सासूबाईंचा हात तोंडावर गेला. साळ्याच्या हातून गाठोडं पडलं. बायको दारात उभी होती, ती जागची हलली नाही.

सासऱ्यांना काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा हात स्वतःच्या टोपीकडे गेला. तोंड उघडलं, आणि मला स्पष्ट दिसलं की आता ‘जावई’ हा शब्द त्यातून बाहेर येतोय. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी घाईघाईने म्हणालो, ‘बाबा, कडानं म्हणजे कसं? दाखवा ना.’

ते माझ्याकडे बघत राहिले. मग बकरीला एक शिवी दिली, दोर धरला आणि साठी उलटलेला तो माणूस चाकावर पाय देऊन वर आला. ‘पाह्य,’ ते म्हणाले. ‘फळीपासून सुरू कर. टाच मार, पंजा नको मारू. टाच. हां. आता माह्या मांगं मांगं ये.’

आम्ही दोघं कडेकडेने गोल फिरत कापूस तुडवत राहिलो. ते पुढे, मी मागे. मधूनमधून ते वळून माझ्या पायांकडे बघायचे आणि काहीतरी बोलायचे, त्यातलं बरंचसं इथे लिहिता येणार नाही. गाडी भरेपर्यंत माझे डोळे चुरचुरत होते. कापसाने असेल, असं मी साळ्याला सांगितलं.

गाडी गेली. मधली खोली रिकामी झाली, कोपऱ्यांत थोडा फुसका कापूस उरला. साळा हळूच म्हणाला, ‘भाऊजी, पाचवं?’

सामान तिथेच होतं. आम्ही दार लावलं आणि सुरू केलं. रिकाम्या खोलीत तो आवाज भिंतींवर आदळून आमच्याच अंगावर येत होता. इतकं भयानक आम्ही आधी कधीच वाजवलं नव्हतं, आणि मला ते फार आवडलं. मधेच दार उघडून सासूबाई आत आल्या. हसल्या नाहीत. ‘कनिक मयाची आहे,’ एवढं बोलून दोरी सोडली आणि परात घेऊन गेल्या. त्यामुळे त्या गाण्यात अर्ध्यानंतर झांज नाही. नंतर दारावर धडाधड थापा पडल्या. त्या तालात नव्हत्या, पण साळ्याने त्यांच्याशी जुळवून घेतलं.

‘अबे खोटारड्याहो! झालं म्हने ना तुमचं! बंद करा ते, नाहीतं दोघाइचंही डोस्कं फोडतो!’

गाणं तिथे संपतं. ‘पुन्हा घेऊ का?’ साळ्याने विचारलं. मी नको म्हणालो.

परतीच्या एसटीत बायकोने ते इयरफोन लावून ऐकलं. तिला मेटल अजिबात सोसत नाही, तरी शेवटपर्यंत ऐकलं. मग शेवटचा तेवढाच भाग परत लावला. बडनेरा येईपर्यंत फोन तिने मला दिला नाही.

पुढच्या रविवारी वाजवायचं काहीच नव्हतं, तरी गेलो. सासरे खुर्चीवर बसले होते. उठले नाहीत. टोपी नाही, दुपट्टा नाही. पायाशी तीच बादली होती, रिकामी. त्यांनी ती पायाने माझ्याकडे सरकवली.

‘आला का? घे, कूलरमंदी पानी टाक. अन् पाय धुजो नको तिच्यात.’

मी पाच बादल्या आणल्या आणि कूलर काठोकाठ भरला.